फर्स्ट कॉपी, खात्रीशीर

अप्पा, तुमच्या दुकानात आता 'फर्स्ट कॉपी' मिळते. हा शब्द तुमच्या वेळी नव्हता, म्हणून सांगते. परदेशातल्या महागड्या घड्याळाची नक्कल, पण नकलांमध्ये अव्वल, असा त्याचा अर्थ. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कॉपी करणारीला सिस्टर वर्गाबाहेर उभं करायच्या. इथे कॉपी काचेच्या कपाटात, दिव्याखाली मांडली आहे आणि तुमचा मुलगा गिऱ्हाइकाला सांगतो, "ओरिजिनलवाल्यालाही ओळखू येणार नाही." वर पाटी मात्र तुमचीच, 'खात्रीशीर घड्याळे'. ती अक्षरं तो दर दिवाळीला न चुकता रंगवून घेत आला.

मागच्या आठवड्यात पंचवटीत भाजीला गेले होते, तशीच दुकानात डोकावले. शहराबाहेर झेंडू पिकवणारे एक गृहस्थ काउंटरपाशी उभे होते. हातात रुमालात बांधलेलं घड्याळ. "शेठ, लग्नात जावयाला दिलं व्हतं," ते म्हणाले. "त्यानं हात धुतला अन् काचंत पानी. बटन दाबलं तर बारका काटाच गळून पडला. आता चारचौघांत म्हनतो, मामांनी खेळणं दिलं. पोरगी मान खाली घालून बसती."

"दादा, फर्स्ट कॉपीला गॅरंटी नसते. हे सगळ्यांनाच माहीत असतं," भाऊ म्हणाला.

"मला नाय माहीत. मी पाटी वाचून आलो."

माझं डोकंच फिरलं. घड्याळ मी हातात घेतलं. वजन भरपूर, आणि माणसं फसतात ती या वजनालाच. तबकडीवर तीन छोटी वर्तुळं, त्यातली दोन नुसती छापलेली, काटे शोभेपुरते चिकटवलेले. खालचं बटण दाबलं की लांब काटा बरोबर बारावर परत यायला हवा. हा एक रेघ अलीकडेच थांबतो, आळशी कारकुनासारखा. पट्ट्याच्या सांध्यात मुलामा उडून पितळ दिसत होतं. मागचं झाकण उघडलं, तर आत प्लास्टिकचं मोठं कडं आणि मधोमध बोराएवढं मशीन. पाणी अडवणारं रबर शोधून सापडेना.

"दोन पावसाळे तरी टिकायला हवं होतं," भाऊ पुटपुटला.

"एकदा हात धुण्यापुरतं आहे हे," मी म्हटलं.

तुम्ही रबर बदललेलं घड्याळ स्वयंपाकघरात पाण्याच्या पातेल्यात बुडवून ठेवायचात. आई ओरडते आहे, "आज काय घड्याळाची आमटी करू?" आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून काचेत वाफ धरते का ते बघता आहात. एकदा असंच पातेल्यातलं घड्याळ पुसून मी गिऱ्हाइकाला 'झालंय, न्या' म्हटलं, तर तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलंत. "तू पाहिलंस? नाही ना? मग झालंय कशाला म्हणतेस?" इंग्रजी शाळेतल्या मुलीशी असं बोलतात का, म्हणून मी रुसले होते. त्या दिवशी तेच वाक्य तुमच्या मुलाला सुनावलं. तो हसला. "ताई, पेन्शनवर बसून तत्त्वं बरी सुचतात. दुरुस्तीला येतं कोण आता?"

"मग एक तर हा माल ठेव, नाहीतर पाटीवरचा तो शब्द. दोन्ही एका छपराखाली चालणार नाहीत." मी रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. भावानं मग त्या गृहस्थांपुढे एक साधं, खरं घड्याळ ठेवलं. त्यांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही. "राहू द्या. आता काय बी दिलं तरी जावई हसायचाच." रिकामा रुमाल झटकून ते निघून गेले.

काल पुन्हा गेले. पाटीवर पांढऱ्या रंगाचा पट्टा, अजून ओला. 'खात्रीशीर' गेलं, नुसतं 'घड्याळे' उरलं. खाली कपाट होतं तसंच भरलेलं. "झालं समाधान?" भाऊ म्हणाला. "तूच म्हणालीस ना, दोन्ही चालणार नाहीत?" मी पिशवी उचलली आणि घरी आले.

हे पत्र दुकानातल्या तुमच्या फोटोच्या चौकटीत खोचावं म्हणून लिहायला घेतलं होतं. आता खोचणार नाही, तो वाचेल. त्याला कळता कामा नये, अप्पा, की तुमच्या अक्षरांवर ब्रश फिरवायला त्याचा हात उठणार नाही, याची मला खात्री होती.