मावशीची माती, पंचाण्णव टक्के दाबलेली

१ मार्च, रविवार. सकाळी १०.
मुलगी नव्या नोकरीवर गेली. जाताना तिची टॅरँटुला माझ्या ताब्यात. तळहाताएवढी कोळीण, अंगभर केस, नाव मावशी. बायकोने विचारलं, मावशी म्हणजे ही माझी बहीण लागते का? खरं तर माझ्या मेव्हणीपेक्षा ही कितीतरी शांत आहे, पण ते इथेच लिहितो.

महिनाअखेरीला मुलगी येऊन बघणार. मावशी ठणठणीत असेल तर कायमची आपल्याकडे. नाहीतर तिची ती चष्मेवाली मैत्रीण टपलेलीच आहे.

काचेच्या पेटीवर एक कागद चिकटवलाय, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. 'माती भुसभुशीत, सहा इंच' एवढं वाचलं आणि सोडून दिला. चौतीस वर्षं मी रस्त्यांच्या कामावर माती तपासली. आणि मला मातीवर कागद!

४ मार्च. संध्याकाळ.
मुलीचा फोन. सलग चौथा दिवस. हॉस्टेलला होती तेव्हा रविवारी पाच मिनिटं बोलायची, तेही आईशी. मला नुसतं 'बाबा बरा आहे ना' एवढं पोचायचं. आता थेट माझ्या मोबाइलवर. मावशीने खाल्लं का, कुठे बसलीये, काय करतेय. बारा मिनिटं!

बायको म्हणाली, फोन मावशीसाठी आहे. मी म्हटलं, असेना, वाजतो तर माझा. मावशी गेली की फोनही जाणार, हे मला कळतं. म्हणून काम पक्कं व्हायला हवं.

६ मार्च.
पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेलो. मालक मातीला सबस्ट्रेट म्हणतो. म्हणाला, कोकोपीट न्या, नारळाच्या काथ्याचा भुसा असतो, ही जात बीळ करते, हलक्या हाताने भरा. मी डेन्सिटी विचारली. तो मासे घ्यायला आलेल्या बाईंकडे वळला. उत्तर येत नसलं की माणसं असंच करतात.

तरी एक गोणी घेतली आणि गॅलरीत ठेवून दिली. भुशावर कोणी घर बांधतं का?

७ मार्च, शनिवार.
कामाचा दिवस. मावशी तात्पुरती बरणीत. पेटीत तीन थर: खाली खडी, मधे रेती, वर चाळलेली माती. प्रत्येक थर भिजवून ठोकला. माती ठोकायची धुम्मस नसल्यामुळे खलबत्त्यातला बत्ता वापरला. मधोमध किंचित उंचवटा, दोन्हीकडे उतार, म्हणजे पाणी साचायला नको. अंगठा दाबून सांगतो, पंचाण्णव टक्के कॉम्पॅक्शन. यावरून ट्रक जाईल.

संध्याकाळी बायको बत्ता शोधत होती. मीही शोधू लागलो.

९ मार्च.
मावशी दोन दिवस काचेवर चढून बसली आहे. खाली पाय टेकत नाही. नवा रस्ता झाला की लोकही आधी कडेला उभे राहून बघतात.

मुलीला सांगितलं, व्यायाम करतेय. ती म्हणाली, माती ओली तर नाही ना? मी म्हटलं, ऑप्टिमम आहे, म्हणजे हवी तेवढीच ओल.

११ मार्च.
अजून काचेवर. थोडी ओल कमी करावी म्हणून हेअर ड्रायर फिरवला. तडे गेले. तड्यांत सिमेंट भरावंसं वाटलं, पण मोह आवरला. स्वतःवर ताबा असणं ही मोठी गोष्ट आहे.

१४ मार्च.
उतरली! मात्र एका कोपऱ्यात पुढच्या पायांनी माती खरवडत बसली आहे. सकाळपासून. मातीवर ओरखडासुद्धा नाही. ठेकेदार मला टरकून असायचे ते उगीच नाही.

रातकिडा टाकला, त्याला शिवली नाही. दुपारभर खुर्ची टाकून तिच्यापुढे बसलो होतो. खरवडायची, थांबायची, परत खरवडायची. वाईट वाटलं. काम चुकलंय असं मात्र नाही.

मुलीने फोटो मागितला. झकास दिसणारा एक पाठवला. तो तिनेच मला महिन्यापूर्वी पाठवलेला, हे नंतर लक्षात आलं. काही बोलली नाही. म्हणजे तिच्या लक्षात आलं नसावं.

१८ मार्च, बुधवार. दुपारी ३.
झाकण काढून उताराला लेव्हल लावत होतो. दारात सिलिंडरवाला आला. परत आलो तर पेटी रिकामी.

संध्याकाळी ५.
कपाटामागे नाही. बुटांत नाही. मी सोफ्याखाली आडवा पडून टॉर्च मारत होतो आणि बायको चहा पीत माझ्याकडे बघत होती. काय शोधतोय विचारलं. म्हटलं, बत्ता. चपला झटकून घाल, एवढं तिला सांगून ठेवलं. जिवंत कोळी घरात मोकळा आहे हे कळलं तर ती माहेरी जाईल. सध्या काही माहीत नाही तिला, बरं आहे.

१९ मार्च.
मुलीचा फोन. मावशी कशी आहे? म्हटलं, आत आहे, दिसत नाही. यात खोटं काय? घराच्या आतच असणार.

२३ मार्च.
रोज फोन, रोज अहवाल. आज म्हटलं, मावशीने उतारावर चालून पाहिलं, पसंत पडला. मुलीने अर्धा तास खोदून खोदून विचारलं. फोन ठेवल्यावर परत सोफ्याखाली टॉर्च मारून आलो. इतकं बोलायला लागलीये पोरगी, आणि सगळं मी घालवलं.

बायको मजेत आहे. गॅलरीत मोठ्या कुंडीशी तिचं काहीतरी चाललेलं असतं. कुंडीवर जाळीचं झाकण बांधलंय आणि मला जवळ यायला मनाई. आपण दुसऱ्याच्या खात्यात नाक खुपसत नाही.

२८ मार्च.
उद्या मुलगी येणार. काय सांगायचं ते तीन प्रकारे लिहून काढलं. तिन्ही फाडले.

२९ मार्च, रविवार.
मुलीने बॅग दारातच टाकली आणि थेट गॅलरीत गेली. मोठ्या कुंडीवरची जाळी उचलली. आत गोणीतला तो भुसा, भुसभुशीत, सहा इंच. त्यात सुबक बीळ, तोंडाशी रेशमाची झालर, आणि आत मावशी. मस्तपैकी गुबगुबीत.

अठरा तारखेला चहा पिता पिता बायकोलाच ती कुंडीमागे दिसली होती. ही बाई झुरळाला किंचाळते. तिने भाजीच्या भांड्याखाली मावशी झाकली, कागद दोन्ही बाजूंनी वाचला, कुंडी भरली आणि त्याच संध्याकाळी मुलीला कळवलं.

कागद मी आज पुरता वाचला. वर 'आई' लिहिलेलं आहे. खाली शेवटची ओळ: 'बाबाला माती दाबू देऊ नकोस.'

म्हणजे अकरा दिवस मुलीला सगळं माहीत होतं. मान खाली घालून विचारलं, मग रोज मला फोन कशाला करत होतीस?

"मावशीचं आई सांगायचीच," ती म्हणाली. "मला तुझं ऐकायचं असायचं."

बत्ता धुऊन जागेवर ठेवला.

मावशी राहणार. मैत्रीण कटाप. ताबा आईकडे. माझ्याकडे पाण्याचं झाकण: बाटलीचं छोटं टोपण, दिवसाआड भरायचं, बास.

१ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ७.
मुलगी काल परत गेली. आज फोन माझ्याच मोबाइलवर. मावशीबद्दल चकार शब्द नाही. पाणी भरलंस का, विचारलं. पाणीपुरवठ्याचं खातं कसं चालतं ते मी तिला बैजवार सांगितलं, वीस मिनिटं. मग तिने विचारलं, माती कशी आहे?

मी म्हटलं, ऑप्टिमम.

तिकडे ती हसत सुटली. इकडे बायको फडकं घेऊन कुंडीभोवतीचं पाणी पुसत होती.