नऊ पायऱ्या

३ मार्च

जिंकलो!

पाचही न्यायाधीश आपल्या बाजूने. निकाल एकशे चाळीस पानांचा. वकीलबाईंनी कोर्टाच्या आवारातच त्यातलं थोडं वाचून दाखवलं. एका देशात कोर्टाने कैद्यांना मत द्यायचा हक्क मिळवून दिला. दुसऱ्या एका देशात गरोदर बायकांना औषध द्यायचं सरकार टाळत होतं, कोर्टाने द्यायला लावलं. आणि आता आपलं कोर्ट म्हणतं, शाळेच्या दारापर्यंत प्रत्येक मुलाला स्वतःच्या बळावर जाता आलं पाहिजे. चारशे शाळांना रॅम्प, सहा महिन्यांत. वाचता वाचता बाई रडल्या. मीही रडलो, खोटं कशाला लिहू.

आमची पोरगी भिंगरी तिच्या चाकाच्या खुर्चीत शांत बसली होती. एका पत्रकाराने विचारलं, आता कितवीत बसणार? म्हणाली, "मी अठरा वर्षांची आहे."

खटला घातला तेव्हा अकराची होती. वरातीमागून घोडं!

४ मार्च

शाळेवरून मुद्दाम गेलो. पायऱ्या मोजल्या. नऊच.

१९ मार्च

मुख्याध्यापकांकडे निकालाची प्रत घेऊन गेलो. चष्मा लावून पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, म्हणाले, अभिनंदन. मग म्हणाले, वरून आदेश आला की बघू. अहो, याच्या वर आणखी काय असतं? देव?

जूनमध्ये भिंगरीची शालान्त परीक्षा. सात वर्षं घरी बसून, हिच्या हाताखाली शिकून पोरगी इथवर आली आणि केंद्र नेमकं याच शाळेत. मुख्याध्यापक म्हणाले, त्यात काय, शिपाई उचलून आत नेतील.

उचलून! तापात पाय गेले त्या वर्षी मी आणि शिपायाने तिला असंच खुर्चीसकट उचललं होतं. पाचव्या पायरीवर खुर्ची कलंडली. सगळी शाळा बघत होती, निम्मी हसत होती. घरी येऊन म्हणाली, मी पोतं नाही. मला पुन्हा उचलायचं नाही. तिचा शब्द म्हणजे शब्द. उचलून न्यायची वेळ आली तर ती परीक्षा सोडेल, पण हात लावू देणार नाही.

२ एप्रिल

आज लिहूनच टाकतो. हे हिलाही कधी बोललो नाही.

खुर्ची कलंडली त्याच आठवड्यात मी शाळेच्या पायऱ्यांचं माप घेऊन आलो होतो. मी वेल्डर. लोकांची फाटकं, जिने, गच्चीचे कठडे करून पोट भरतो. साडेचार फूट उंची, चौपन्न फूट उतार, मध्ये एक वळण. लोखंडी अँगल कापून झाले होते. तुकडे करायला आठ दिवस, जागेवर जोडायला दोन. एवढंच काम!

तेव्हा वकीलबाई घरी आल्या. हातात वही, डोळ्यांत चमक. पुढच्या खोलीत बसून म्हणाल्या, "तुम्ही रॅम्प केलात तर कोर्ट म्हणेल, मुलगी आत गेली, आता तक्रार कसली? ती बाहेर राहिली तर चारशे शाळा उघडतील." ही कामावर होती. भिंगरी आतल्या खोलीत झोपली होती. मी दोन मिनिटं विचार केला. दोनच! आणि हो म्हणालो. आपल्या पोरीच्या नावाने कायदा होणार याचा केवढा ताठा चढला होता मला. एक-दीड वर्षात निकाल लागेल असं वाटलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढलो आणि तिला शाळेच्या पायरीशी बसवून ठेवलं.

ते अँगल पुढे कोणाच्या तरी फाटकाला लावून टाकले.

तिला हे कधी कळता कामा नये.

११ मे

वकीलबाईंचा फोन. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशातल्या कोर्टाने आपल्या निकालाचा दाखला दिला. तिथल्या सगळ्या बसना उतरती फळी लावायचा हुकूम, आणि एका महिन्यात लावूनही झाल्या. बाईंना आनंद मावेना. भिंगरीचं नाव तिथल्या न्यायाधीशांनी कसं उच्चारलं तेही करून दाखवलं.

मी विचारलं, आपल्या शाळेचं काय? म्हणाल्या, सप्टेंबरपर्यंत मुदत आहे, जरा धीर धरा.

दिव्याखाली अंधार. धीर धरून धरून हाताला घट्टे पडले.

१२ मे

आजपासून अँगल कापायला घेतले. बाईंना सांगितलेलं नाही.

३० मे

झाला. शाळेला सुट्टी होती, शिपायाने फाटक उघडून दिलं आणि स्वतः पाठ करून बसला. काल आणि आज, दोनच दिवस. शेवटचा जोड ग्राइंडरने घासताना हात थांबेना. जोड कधीच गुळगुळीत झाला होता, तरी घासत होतो.

१० जून

चढली! एकटी! मी मागून चालत होतो, तर म्हणाली, हात खिशात ठेवा.

८ जुलै

शाळेत एक नवी पोरगी आली आहे, सहा वर्षांची, चाकाच्या खुर्चीतली. तिची आई शिवणकाम करते. पोरगी रॅम्पवरून भन्नाट वेगाने खाली येते. आई ओरडते, पोरगी ऐकत नाही.

२१ जुलै

आयत्या बिळावर नागोबा!

सरकारने कोर्टात फोटो दाखल केला. माझ्या रॅम्पचा! खाली लिहिलंय, आदेशाचं पालन झालं, उरलेल्या शाळांतही 'पालकांच्या सहकार्याने' असंच होईल. म्हणजे ज्याचा बाप वेल्डर, त्याच्या पोराला शाळा.

वकीलबाई घरी आल्या. पुढच्या खोलीत, सात वर्षांपूर्वीच्याच जागी बसल्या. चढ्या आवाजात बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. शुक्रवारी कोर्टाचा अधिकारी पाहणीला येणार आहे. त्याला नऊ पायऱ्याच दिसल्या पाहिजेत, नाहीतर चारशे शाळांचं प्रकरण मिटलं म्हणून शिक्का बसेल. त्याआधी रॅम्प काढा. मी त्या नव्या पोरीचं विचारलं. बाई म्हणाल्या, थोडे महिने.

बाई वाईट नाहीत. त्यांचं बोलणं चूकही नाही. तेव्हाही नव्हतं. म्हणूनच तर जीव जळतो!

रात्रभर डोळा लागला नाही. शेवटी ठरवलं, काढायचा. सात वर्षं दिली ती फुकट कशी घालवू?

२३ जुलै

सकाळी गॅस कटर टेंपोत चढवला. भिंगरी दारात आली. कुठे निघालात, असंही विचारलं नाही.

म्हणाली, "त्या पोरीला आत जाऊ द्या, बाबा."

मी चारशे शाळांचं सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं. मग खुर्ची वळवता वळवता म्हणाली, "वकीलबाई पहिल्यांदा आल्या होत्या ना, तेव्हा मी झोपले नव्हते."