मी मृणालबाबूंची बाटली हुंगली त्याची हकीगत

बागबाजार, कोलकाता
कोजागरीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप श्यामकांतमामा आणि विमलमामी यांना नचिकेतचा साष्टांग नमस्कार. (मामींनी या खेपेला आशीर्वाद जरा सढळ हाताने द्यावा, लागणार आहे.) मामा, तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींच्या डोळ्यांत औषध वेळेवर पडतं ना? इकडे आम्ही तिघं प्रकृतीने उत्तम आहोत, बाकी कशानेच उत्तम नाही. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण हे सांगताना तुमचा आवाज ऐकायची माझी छाती नाही.

विषय तुमच्या मोटारसायकलचा. (घाबरू नका, ती शाबूत आहे. तुमच्या भाच्याची अब्रू शाबूत नाही.) बँकेने माझी इकडे बदली केली तेव्हा तुम्ही मोठ्या मायेने ती मला दिलीत, साताऱ्याहून निघताना तिच्या सीटवरून हात फिरवलात आणि बजावलंत, गाडी उभी केली की पेट्रोलचा कॉक बंद करायचा, म्हातारी झाली आता ती. मी मान डोलावली. माझं हे मान डोलावणं तुम्ही लहानपणापासून बघत आलात आणि तरी विश्वास ठेवलात, म्हणजे थोडा दोष तुमचाही आहेच.

तर पाऊस सरता सरता टाकीतलं पेट्रोल आपोआप कमी व्हायला लागलं. गाडी खाली बोळात नुसती उभी, आणि रविवारी हलवून बघावी तर आत ठणठणाट! जमिनीवर थेंब नाही, डाग नाही. (नसणारच. मी ती गटाराच्या जाळीवर उभी करत होतो, गळेल ते थेट पाताळात. पण हे ज्ञान नंतरचं.) वास मात्र यायचा. आता वास येतो म्हणजे गळतंय, हे आमच्या एवढ्याशा केतकीलाही कळलं, आणि तिने ते सांगितलंही. पण मी पडलो बँकेत फसवणुकीची प्रकरणं तपासणारा माणूस! मला सुचलं काय, तर चोराच्या हातून सांडलं. टाकीला कुलपाचं झाकण बसवलं, तरी पेट्रोल जातच राहिलं. मग मी ताडलं, की चोराकडे दुसरी किल्ली आहे. तुमची सूनबाई आभा म्हणाली, अरे, एकदा वाकून बघ तरी. मी वाकलो नाही. खिडकीत बसून पाळत ठेवली.

पाळतीत सापडले मृणालबाबू. (इकडे हे पुरुषाचं नाव असतं.) तळमजल्यावर एकटे राहणारे निवृत्त मास्तर. केतकी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बुद्धिबळ खेळायला जायची, त्यांना दादू, म्हणजे आजोबा, म्हणायची. या शहरात आम्हाला आपलं म्हणावं असं तेवढं एकच घर. ते रोज सकाळी प्लास्टिकची बाटली घेऊन माझ्या गाडीला अगदी चाटून बाहेर पडत आणि भरलेली बाटली पंच्याखाली धरून परत येत. झालं! एका सकाळी मी त्यांना फाटकात अडवलं, चार बिऱ्हाडांच्या देखत बाटली हातातून काढून घेतली, झाकण उघडलं आणि हुंगली. मामा, गंगाजल होतं हो. देवपूजेसाठी घाटावरून आणलेलं. त्यांनी बाटली परत घेतली, माझ्या नाकाने उष्टं झालेलं ते पाणी भिंतीच्या कडेला ओतून दिलं आणि पुन्हा घाटाकडे चालू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून केतकीचं बुद्धिबळ बंद आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कसला नचिकेत! खंडेनवमी आली. इकडचे लोक वाहनांची पूजा विश्वकर्मापूजेलाच उरकून मोकळे झालेले असतात, त्यामुळे गाडीला झेंडूची माळ आणि हळदकुंकू घालून बोळात उभा असलेला मी एकटाच. नीरांजन पेटवलं आणि ओवाळत ओवाळत तबक इंजिनापर्यंत खाली आणलं. तेवढ्यात मृणालबाबू नवं धोतर नेसून पूजामंडपात जायला बाहेर पडले. ते ओरडतच धावले, जळतं नीरांजन तबकातून हातानेच उचललं आणि बोळाच्या तोंडाशी नेऊन विझवलं. बोटं चांगलीच पोळली. मग तेच पोळलेलं बोट त्यांनी गाडीखाली दाखवलं. कार्बोरेटरच्या नळीतून थेंब थेंब पेट्रोल चाललं होतं, आणि मी त्याला ओवाळत होतो.

कारण सांगतो, हसू नका. बरं, हसा. कॉकचा खटका वर केला की बंद, असं मी धरून चाललो होतो. वर म्हणजे रिझर्व्ह! बंद म्हणजे आडवा! रोज निष्ठेने बंद करून मी तळातलं पेट्रोलसुद्धा वाहून जायची सोय करत होतो. आता शहाणा झालोय. खटका आडवा करून खाली वर्तमानपत्र अंथरलं, कोरडं राहिलं. कॉक उघडला, कागद भिजला. म्हणजे टाकी ठीक, बिघाड कार्बोरेटरात. त्याची वाटी उघडली, तर पेट्रोल पुरेसं झालं की वाट अडवणारी आतली सुई झिजलेली आणि वर टाकीतला गंज बसलेला. मल्लिकबाजारातून नवी सुई आणली, सगळं धुऊन बसवलं. गाडी आता ठणठणीत आहे.

पण दसऱ्यानंतर इकडे लोक एकमेकांकडे जातात, मोठ्यांच्या पाया पडतात, मिठाई खातात. कालीपूजेपर्यंत, म्हणजे आपल्या दिवाळीपर्यंत, हे चालतं. अख्खी इमारत मृणालबाबूंकडे जाऊन आली, आम्ही सोडून. केतकी जिन्यात थांबते, त्यांच्या दाराकडे बघते आणि वर येते. मला ते बघवत नाही, मामा.

तुमचा, तोंड लपवून बसलेला,
नचिकेत

ता. क. आता खरं काम. बोटं पोळली त्या दिवशी मृणालबाबूंनी विचारलं, माझ्यावर संशय का घेतलात? आभाच्या देखतच माझ्या तोंडून निघून गेलं, की संशय माझा नव्हे, साताऱ्याच्या मामांचा. तेच म्हणाले शेजाऱ्यावर नजर ठेव. चुकलोच. पण तुम्ही तिकडे लांब, तुम्हाला काय फरक पडतो? खाली त्यांचा नंबर देतो. एक फोन करून, हो, मीच म्हणालो होतो, एवढं सांगाल का? तुमचं हिंदी ऐकून ते फार खोलात शिरणार नाहीत.

ता. क. दुसरा. आभाने वरचं वाचलं. माझ्या चपला आणून समोर ठेवल्या. खाली जातोय.

ता. क. तिसरा. जाऊन आलो. पाया पडलो, खरं काय ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या मामांचा परवाच फोन येऊन गेला, त्यांनी सगळा दोष स्वतःवर घेतला आणि माफी मागितली. (म्हणजे आभाने तुम्हाला आधीच सगळं सांगितलं होतं, हे मला आत्ता कळतंय.) मृणालबाबूंचा तुमच्या बोलण्यावर क्षणभरही विश्वास बसला नव्हता. म्हणाले, मामा फार चांगला माणूस आहे, त्यांना खोटं बोलता येत नाही, आणि मी तुमचीच वाट बघत होतो. तेव्हा तो फोन आता पुन्हा करू नका. मला त्यांनी मिठाई विचारली नाही, बसासुद्धा म्हणाले नाहीत. दार लावता लावता म्हणाले, केतकीला पाठवून द्या.