ठासून भरलेली खस

बाबा, आज दुपारी आमच्या भट्टीतून हायड्रोजन निघाला, आणि तो तुमच्या कूलरमुळे निघाला. म्हणजे तुमच्या चुकीमुळे. रागावू नका, आधी ऐका.

माझं हे काम बघायला तुम्ही राहिला नाहीत. आम्ही मोठमोठ्या आरशांनी नागपूरचं ऊन एका भट्टीत गोळा करतो. आत स्पंजासारखी सच्छिद्र वीट असते. ती लालबुंद तापली की तिच्यातून वाफ सोडायची. वीट वाफेतला ऑक्सिजन धरून ठेवते आणि हायड्रोजन बाहेर येतो. ज्या उन्हाला तुम्ही जन्मभर शिव्या घातल्या, त्यावर आता माझं पोट चालतं. मी हौसेनं बारीक छिद्रांची वीट घेतली. जितकी गच्च तितका जास्त हायड्रोजन, असा माझा हिशोब. पण ती पुढून करपायची, मागून कच्चीच राहायची, आणि वाफेला वाट मिळायची नाही. या महिन्यात जमलं नाही तर काम गुंडाळा, असं वरून आलं होतं. माझ्या हाताखालच्या पोरांच्या नोकऱ्या त्यावर होत्या, आणि माझी झोपसुद्धा.

काल अशीच एक तडकलेली वीट हातात घेतली आणि मला आपला घरचा जुना कूलर दिसला. एप्रिल आहे. तुम्ही सदरमधल्या ऑफिसातून येताना खसच्या सुगंधी मुळांचे गठ्ठे सायकलला बांधून आणलेत आणि कूलरच्या जाळ्यांत गुडघ्यानं दाबून भरताय. आई दारात उभी आहे.

"काहून एवढी कोंबून राहिले? हवा कुठून येईन?"

"दुप्पट खस, दुप्पट गारवा. तुले नाही समजत वं."

पंखा नुसता घरघरतोय, आपण तिघं घामानं निथळत बसलोय, आणि तुम्ही म्हणताय, "थांबा, आता येईन गारवा." दर उन्हाळ्यात हेच.

मी वीट हातात धरून हसत सुटले. पोरं घाबरली.

"मॅडम, काहून हसून राहिल्या?"

"बापाच्या वळणावर गेले," मी म्हटलं, आणि कपाटातली मोठ्या छिद्रांची वीट काढायला लावली. आज ऊन पार आतपर्यंत गेलं, वाफ सुरळीत वाहिली, आणि स्क्रीनवरची हायड्रोजनची रेषा चढतच राहिली. पोरं नाचली. या वयात मीही नाचले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. सगळ्यांनी अभिनंदन केलं, काम थांबवा म्हणणाऱ्यांनीसुद्धा. पण खरं सांगू, मला फक्त "बाबा, जमलं" एवढंच म्हणायचं होतं, आणि ते ऐकायला तुम्ही नव्हतात.