काट्याची दुरुस्ती

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७.१०
डॉ. सिद्धोधन (माझा माजी विद्यार्थी, सातवी ब, शुद्धलेखन यथातथा) यांच्या मते मला दमा आहे. मला दमा नाही. जिन्याच्या मधल्या पायरीवर मी थांबतो, ते विचार करण्यासाठी.
तरी त्यांचा मान राखून एक पंप आणि फुंकण्याची एक नळी स्वीकारली. तिला पीक फ्लो मीटर म्हणतात. रोज फुंकायचे आणि काटा थांबेल तो आकडा तक्त्यात लिहायचा. पंपाला जोडायला स्पेसर नावाचा प्लास्टिकचा भोपळाही दिला आहे. तो बाळाच्या दुधाच्या बाटलीसारखा दिसतो. वापरणार नाही.
संकल्प: १६ तारखेस वालूरला, मेहुण्याची नात निकिता हिच्या लग्नात, मंगलाष्टके मीच म्हणणार. शेवटचे कडवे नेहमीप्रमाणे एका दमात, थेट 'सावधान'पर्यंत. ही कीर्ती छत्तीस वर्षांची आहे.

मंगळवार, ४
पहिली फुंकर: १९०. अपेक्षित: ४०० च्या वर. उपकरण सदोष.
आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या. चुकीचे उत्तर दिसले की हात आपोआप दुरुस्ती करतो. काटा बोटाने ४२० वर नेला. तक्त्यात सुवाच्य नोंद केली.
सौ. कावेरी म्हणाली, "अहो, बोटानं काय ढकलायलात? फुंका की!" तिला मूल्यमापनातले कळत नाही.

गुरुवार, ६
दोन पफ. बराचसा फवारा चष्म्यावर गेला. उरलेला पुरेसा असावा. पंपानंतर गुळण्या कराव्यात म्हणे. मी सकाळी उठल्यावर करतोच; पुन्हा कशाला?
काटा: ४२० (दुरुस्तीनंतर).

शनिवार, ८
मेहुणे व्यंकटराव यांचा फोन. "भावजी, दम पुरंल ना? नाहीतर आमचा गोपाळ हाय. आवाज लय गोड हाय त्याचा." गोपाळ मोबाइलमध्ये बघून म्हणतो! मी त्यांना तक्ता वाचून दाखवला. "रोज चारशे वीस?" असे विचारून ते बराच वेळ हसले. आनंदाने.
घसा बसला आहे. माठाचे पाणी.

मंगळवार, ११
तपासणी. तक्ता पाहून डॉक्टर प्रसन्न झाले. "सर, डोस वाढवणार होतो, पण आकडे तर झकास आहेत." मग छातीला स्टेथोस्कोप लावला. "पण छाती वाजायलीय हो सर." मी विचारले, लेखी पुरावा कशाला आहे, तक्त्याला की छातीला? विद्यार्थ्याने तक्ता पुन्हा उलटून पाहिला.
निघताना ते कावेरीच्या कानाशी काहीतरी बोलले. शिष्टाचाराचा अभाव.

शुक्रवार, १४
गच्चीवर सराव. शेवटच्या कडव्यात तीनदा थांबलो. मुद्दाम. त्याने गांभीर्य वाढते.

रविवार, १६. वालूर. दुपारी ३.४०
मांडवात भटारखान्याचा धूर. अंतरपाट धरला गेला. पहिली कडवी निर्दोष. उच्चारांना तोड नव्हती. शेवटच्या कडव्यात 'शुभमंगल' झाले आणि श्वास संपला.
पाचशे माणसे मुठीत अक्षता धरून उभी. मागून कोणीतरी ओरडले, "सर, उरका की! नवरदेव ताटकळायलाय!"
कावेरी व्यासपीठावर चढली. पिशवीतून भोपळा काढला, पंप हलवला, जोडला आणि माझ्या तोंडाला लावला. "वढा आत. हळू. अजून हळू." ध्वनिक्षेपक चालूच होता. फुस्स. मग माझी घरघर, चार कर्ण्यांतून.
लोकांचा धीर सुटला. त्या फुस्सवर एकाची मूठ उघडली, मग सगळ्यांचीच. अंतरपाट दूर झाला. वाजंत्री सुरू झाली.
'सावधान' मी नंतर म्हटले. दमदार. कोणी ऐकले नाही.
पंगतीत व्यंकटरावांनी स्वतः जिलबी वाढली. "चारशे वीस झाले, भावजी. अजून दोन घ्या."

सोमवार, १७. सकाळी ७.०५
स्पेसरमधून दोन पफ. गुळण्या केल्या. फुंकले. कावेरी शेजारी तक्ता आणि पेन घेऊन उभी होती. मी माझे हात मागे बांधून ठेवले.
तिने लिहिले: १९५. मी तपासले. बरोबर आहे.