पिकल्या फळाचा वास

ताईस,
धाकटीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. जेवणाची आबाळ नाही, खोलीत ऊन येतं. जीवरसायनशास्त्रही आता थोडंफार डोक्यात शिरतंय. तुझी कंबर कशी आहे? आई वेळेवर जेवते ना?

काल प्रयोगशाळेत बाईंनी ॲसिटोनची बाटली उघडली आणि मला एकदम बाबा आठवले. शेवटच्या दिवसांत त्यांच्या तोंडाला यायचा, तोच पिकल्या फळाचा वास. साखरेचा आजार असून चोरून केळी खातात, म्हणून आईने फळं कुलपात ठेवली होती. ते बिचारे गळ्याची शपथ घेत राहिले.

बाई म्हणाल्या, इन्शुलिन फारच कमी पडलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि श्वासाला हा वास येतो. असा वास आला की माणसाला लगेच दवाखान्यात न्यायचं.

बाबांनी काही खाल्लं नव्हतं गं. मी नळ्या धुवायच्या निमित्ताने बराच वेळ बेसिनपाशी उभी राहिले.

आईला यातलं काही बोलू नकोस. "कुलूप लावलं, तरी माणूस मनासारखं गोड खाऊन गेला," असं ती अजून सगळ्यांना सांगते. तेवढं तिचं तिच्यापाशी राहू दे.

तुझीच,
धाकटी