परत येण्याचं कारण

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे तू ओळखलंच असशील. मी फोनवर थापा मारतो आणि कागदावर मला त्या जमत नाहीत, असं तूच म्हणतेस. म्हणून कागदावरच सांगतो. माझ्या हृदयातली एक झडप नीट मिटत नाही. बेकरीत पिठाची पोती उचलताना धाप लागायची, ती वयाची समजून मी अंगावर काढली. आता डॉक्टर म्हणतात की ऑपरेशन करावंच लागेल, आणि ते मे महिना उजाडायच्या आत. घाबरण्यासारखं काही नाही असंही ते म्हणाले, पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते.

ताई, तू येशील का? नंतर काही आठवडे घरात कुणीतरी लागतं. बेकरीतली माणसं आळीपाळीने येतो म्हणतात, पण शुद्धीवर आल्यावर मला तुझा चेहरा दिसायला हवा. या वयात हे लिहायची लाज वाटते, तरी लिहितो.

मीच आलो असतो, पण पाय बांधलेले आहेत. इतकी वर्षं कामाच्या परवान्यावर काढली, आता कुठे कायम राहण्याचा अर्ज केलाय. त्याचा निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकलं, तर अर्ज मागे घेतला असं धरतात. तो मंजूर झाला की तुला कायमचं इथे आणता येईल, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

व्हिसाचे प्रकार ढीगभर आहेत. उपचाराचा व्हिसा बाहेरून येणाऱ्या आजाऱ्याला आणि त्याच्या सोबत्याला मिळतो. मी इथलाच रहिवासी, म्हणून तो आपल्या कामाचा नाही. कुटुंबाच्या व्हिसावर माझ्यासारख्याला फक्त बायको-मुलं आणता येतात, आणि ती मला नाहीत हे तू दर वर्षी ऐकवतेसच. उरला भेटीचा व्हिसा. त्यासाठी पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतरही सहा महिने शिल्लक हवी आणि त्यात कोरी पानं हवीत. माझं निमंत्रण आणि हॉस्पिटलचं पत्र मी पाठवतो. मग मुलाखत होते. तिथे विचारतील ते खरं खरं सांग, म्हणजे झालं.

शिलाईच्या दुकानात तुझ्या हाताखाली काम करणाऱ्या बडबडीला आशीर्वाद सांग. लोभ आहेच, या वेळी त्यात थोडा धीर मिसळून पाठव.

तुझा,
टिल्लू

१९ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

धाप अंगावर काढली म्हणे. लहानपणी बोटाला खरचटलं तरी गल्ली डोक्यावर घ्यायचास, आणि आता हे शहाणपण. पत्र वाचून मी रडले, मग तोंड धुतलं आणि पासपोर्टच्या कचेरीत गेले. माझा जुना पासपोर्ट एकदाही उघडला न जाता मुदत संपून बसला होता. नवीन आला. फोटोवाला म्हणाला, हसायचं नाही, दात दिसले तर फोटो परत येतो. मी म्हटलं, सध्या ते काम सोपं आहे.

मुलाखत १२ मार्चला आहे. आता मुख्य बातमी ऐक. मी सगळं आवरलं. हातातले गणवेश शिवून पोचते केले. शिलाई मशीन, कात्र्या, फिरकीचा डबा, सगळं बडबडीला दिलं. काजाबटणं करता करता ती आता अख्खा कोट बेतते, तिच्या हाती ते शोभेल. दुकानाची किल्ली मालकाला परत केली. राहती खोलीही सोडली आणि सामान शेजारच्या मावशींच्या माळ्यावर टाकलं. सध्या त्यांच्याच घरी झोपते.

तू म्हणशील, एवढं कशाला. अरे, मी तुझ्या उशाशी बसलेली असताना कुणाच्या पँटची शिवण उसवलीय आणि कुणाला कधी कबूल केलंय, हे डोक्यात नको. गिऱ्हाईक एकदा मनात शिरलं की निघत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून पाठीमागे काही ठेवलं नाही. तुला बरं वाटेपर्यंत मी हलणार नाही.

औषधं वेळेवर घे. पोती उचलू नकोस. पत्र वाचून हसू नकोस, आणि रडूही नकोस.

तुझी,
ताई

१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलंस तरी रडलोच. बेकरीतल्या मुख्य बाईंना तुझं पत्र अर्थ सांगत वाचून दाखवलं. त्यांनी लगेच मला भट्टीजवळून हलवून नुसतं वजनकाट्यापाशी बसवलं.

निमंत्रणपत्र सोबत आहे. त्यात मी मुद्दाम लिहिलंय की माझी बहीण माझ्यासाठी आपलं दुकान आणि घर सोडून येते आहे, आणि तिच्याशिवाय मला जगात कुणी नाही. म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की आपलं नातं किती जवळचं आहे. मी राहतो ती खोली चौथ्या मजल्यावर आहे, तेव्हा गुडघ्यांना आत्तापासून सवय कर. ऑपरेशन एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ठरतंय.

तू येणार म्हटल्यावर डॉक्टरांचं बोलणंही मला आता नीट ऐकू येतं. वाट बघतो.

तुझा,
टिल्लू

१४ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

व्हिसा मिळाला नाही. फोनवर एवढंच सांगता आलं, आता सगळं लिहिते.

सकाळी रांग होती. आत काचेच्या पलीकडे एक तरुण बाई बसल्या होत्या, सभ्य, कामात नीट. त्यांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. मग विचारलं, तुम्ही काय करता. मी म्हटलं, शिवणकाम करायचे, आता दुकान बंद केलं. विचारलं, घर कुणाचं आहे. म्हटलं, तेही सोडलं. इकडे कोण कोण आहे असं विचारल्यावर मी सांगितलं की कुणी नाही, जो काही आहे तो तिकडे आहे. मला वाटत होतं की प्रत्येक उत्तराला माझी बाजू भक्कम होते आहे. शेवटी त्यांनी विचारलं, परत कधी याल. मी म्हटलं, भाऊ स्वतःच्या पायावर चालायला लागला की.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, हा व्हिसा भेटीला जाऊन परतणाऱ्यांसाठी असतो, आणि तुम्हाला परत आणेल असं मला तुमच्या कागदांत काहीच दिसत नाही. मी म्हटलं, मी शब्द देते. त्या म्हणाल्या की शब्दावर त्यांचा विश्वास आहे, पण शब्द अर्जाला जोडता येत नाही. पासपोर्ट खालच्या फटीतून माझ्याकडे सरकवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्यांचा राग करावा म्हटलं, तर तोही धड येईना.

बाहेर येऊन पायरीवर बसले. तुझ्यासाठी जे जे केलं, तेच आडवं आलं. दुकान चालू ठेवून, खोलीला कुलूप लावून, अर्धा जीव इथे ठेवून निघाले असते तर त्यांनी मला सोडलं असतं. हे आपल्या दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. टिल्लू, माझी चूक झाली रे. इतकी वर्षं मापं घेतली, आणि ऐन वेळी कापड उलटं बेतलं.

तुझ्या पत्राला दोष देऊ नकोस. ते पत्र मी जपून ठेवलंय.

तुझी,
ताई

२७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चूक तुझी नाही, आपल्या दोघांची आहे, आणि माझा वाटा मोठा. इथे परक्यांचे अर्ज भरून देणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी माझ्या पत्राची प्रत वाचून डोक्याला हात लावला. पुन्हा अर्ज करता येतो, पण परिस्थिती खरोखर बदललेली दाखवावी लागते. दुकान आज उघडलं आणि उद्या अर्ज केला, असं चालत नाही. तेवढा वेळ माझ्या झडपेकडे नाही.

म्हणून एक विचारतो. मीच येऊ का? कायम राहण्याचा अर्ज मागे घ्यायचा असेल तर एका कागदावर सही करावी लागते. कामाच्या परवान्याची मुदत अर्जाच्या आधाराने चालू आहे, तेव्हा तोही त्याच दिवशी संपेल. पुन्हा कधी इकडे यायचं म्हटलं तर मीही तुझ्यासारखाच काचेसमोर उभा राहीन. डॉक्टर म्हणतात, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत विमानात बसायला हरकत नाही, त्यापुढे ते जबाबदारी घेणार नाहीत.

इथे मी आता भट्टीचा मुख्य होण्याच्या बेतात होतो. माझी खोली आहे, ओळखीचे रस्ते आहेत, आणि सकाळी मी भाजलेला पाव घ्यायला उभी राहणारी माणसं आहेत. तुला आणायचं म्हणून हे सगळं उभं केलं. ते सोडायला जिवावर येतं, खोटं कशाला सांगू. पण ऑपरेशनच्या टेबलावर एकट्याने जायलाही जिवावर येतं.

तू नको म्हणालीस तर येणार नाही, इथेच होऊ दे म्हणेन. फोनवर मुद्दाम विचारत नाही, तिथे तू ऐकण्याआधीच नको म्हणशील. बसून लिही.

तुझा,
टिल्लू

५ एप्रिल

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

तू पत्रासोबत पाठवलेले रिपोर्ट घेऊन इथल्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आले. हृदयाचे डॉक्टर वयस्कर आहेत, फारसं बोलत नाहीत. त्यांनी सगळे कागद वाचले आणि म्हणाले की अशी ऑपरेशनं इथे नेहमी होतात, आणल्यावर आधी तपासू. खात्री देता का विचारलं, तर म्हणाले, ती कुणीच देत नाही.

बडबडीने मशीन परत आणून दिलं होतं. मी घेतलं नाही. तिने मालकाकडून तेच दुकान घेतलंय, मी तिच्याकडे कामाला जाते. ती मला उशीर झाला म्हणून रागावते आणि मग स्वतःच जीभ चावते.

तुला मी आधी नको म्हणून लिहिलं होतं. चांगलं समजुतीचं पत्र होतं. आयुष्याची कमाई एका सहीत घालवू नये, तिथले डॉक्टर तुला ओळखतात, परवाना आला की आपण दोघं तिथेच राहू, असं सगळं मुद्देसूद. बडबडीला वाचून दाखवलं, तर ती पहिल्यांदाच काही बोलली नाही. ते पत्र मी पोस्टात टाकलं नाही.

लहानपणापासून तुझ्या भल्यासाठी मी तुला नको म्हणत आले. याही वेळी तुझं भलं नको म्हणण्यातच असेल, मला खरंच कळत नाही. तू काय काय सोडतोयस ते मला दिसतंय, आणि पुढे कधी त्याचं दुःख झालं तर मला बोल, मी ऐकून घेईन. पण ऑपरेशनच्या दारात तुझा हात दुसऱ्या कुणी सोडावा, हे मला सहन होणार नाही. मला तू इथे हवा आहेस. सही कर आणि ये.

तळमजल्यावर एक खोली बघितली आहे, जिना चढायला नको. पोती नाहीत, तरी बॅगाही स्वतः उचलू नकोस. विमानतळाच्या आत मला सोडणार नाहीत, पण दाराबाहेर उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही. मी तिथे असेन.

माया कागदावर मावेना, उरलेली आल्यावर देते.

तुझी,
ताई